ओळीतील मोकळी जागा

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या वर्तुळाकार चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जो रस्ता जातो, त्यास कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि जुने महाराष्ट्र सदन ही ह्याच मार्गावरील स्थळे होत. त्यामुळे दिल्लीस जाऊन आलेल्या पुष्कळ मराठी माणसांना ह्या मार्गाची पाटी परिचित असते. ज्याच्या नावाने हा मार्ग ओळखला जातो तो ज्योतिर्विद १४७३ साली जन्मला आणि १५४३ साली निवर्तला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या वर्षीच न्यूरेंबर्ग येथे योहानेस पेट्रेयस ह्या मुद्रकाने छापला. परंतु प्रस्तुत पुस्तिकेचा विषय ग्रहगोल नव्हे. आपणांस पाहावयाची आहे ती केवळ ती पाटी, आणि तीवरील दोन शब्दांमध्ये सोडलेली रिकामी जागा.

पाटी लांबरुंद असते, म्हणून तीवर शब्द सुखाने मावतात. पुस्तकाच्या पानावर तशी चैन नसते. ओळीची लांबी ठरलेली असते आणि शब्द मात्र लहानमोठे असतात. समजा, ‘कोपर्निकस’ हा शब्द ओळीच्या अखेरीस आला आणि त्यातील निम्माच भाग मावू लागला, तर काय करावे? तो संपूर्ण शब्द पुढील ओळीवर न्यावा, की मध्येच तोडावा? तोडावयाचा तर कोणत्या अक्षरापाशी? आणि नेला तर मागे उरलेली जागा कशी भरून काढावी? हे प्रश्न क्षुल्लक भासतात. ते तसे नाहीत, हे प्रस्तुत अनुवादकास एका अनुभवाने शिकविले. तो अनुभव प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांसाठी एका घडीपत्रकाचा अनुवाद करण्याचे काम मजकडे आले होते. मूळ पत्रक इंग्रजीत होते आणि त्याची पृष्ठमांडणी अगोदरच संगणकावर झालेली होती; इंग्रजी मजकूर काढून त्याच चौकटींत मराठी मजकूर बसवावयाचा होता. एका चौकटीतील शेवटचे वाक्य असे होते : ‘फवारणीनंतर सात दिवसांच्या आत भाजी बाजारात पाठवू नये.’ मराठी मजकूर मूळ इंग्रजीपेक्षा एका ओळीने वाढला. चौकट मात्र तेवढीच राहिली. जे मावले नाही ते मांडणीच्या प्रणालीने चौकटीबाहेर, म्हणजे अदृश्यात टाकले, आणि छापील पत्रकात चौकट ‘भाजी बाजारात पाठवू’ येथेच संपली. न मावलेला मजकूर शिल्लक असल्याची खूण म्हणून पडद्यावर चौकटीच्या कोपऱ्यात एक लहानसे लाल चिन्ह उमटते. ते कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. मी मुद्रणप्रत बारकाईने तपासली होती, पण मांडून झालेले पान पाहिले नव्हते. एका शिक्षकांचे पत्र आले तेव्हा ही चूक कळली. ‘आपण नक्की पाठवा म्हणता की पाठवू नका?’ एवढेच त्यांनी विचारले होते.

इंग्रजीत नकार बहुधा क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत तो पुष्कळदा वाक्याच्या अगदी शेपटाशी असतो, आणि जागा अपुरी पडली की प्रथम शेपूटच कापले जाते. ओळ कोठे तुटते ह्याकडे मराठी लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने अधिक लक्ष का द्यावे, ह्याचे हे एक सबळ कारण आहे.

मोकळी जागा आणि धातू

आपल्या जुन्या पोथ्या पाहिल्या तर असे दिसून येईल की त्यांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरास अक्षर लागून ओळ समासापर्यंत जाते आणि समास आला की कोणत्याही अक्षरापाशी तुटते. मोडी लिहिणारा कारकून तर आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढीत असे आणि मग तिला अक्षरे लटकवीत असे. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने जाणून घ्यावयाचे. (‘समास’ ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, पानाची कोरी कड आणि जोडलेले शब्द. ओळ तोडणाऱ्यास दोन्ही समासांशी गाठ पडते, ती कशी हे पुढे येईल.)

मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरत असल्याने अंतर राखणे हे लेखनिकाच्या हाताचे काम होते. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्यासारख्या (स्थापना १८६९) मुद्रणालयांत सुट्या खिळ्यांनी अक्षरजुळणी होऊ लागली, आणि मग मोकळी जागा ही एक वस्तू बनली. जुळारी हातातील पट्टीत खिळे रचीत असे. दोन शब्दांमध्ये तो शिशाच्या मिश्रधातूचा एक कोरा तुकडा घालीत असे. हा तुकडा अक्षराच्या खिळ्याहून बुटका असल्याने त्याला शाई लागत नसे. त्याला ‘स्पेस’ म्हणत, आणि मोठ्या तुकड्याला ‘क्वाड’. ओळ पट्टीत घट्ट बसली पाहिजे, नाहीतर यंत्रावर खिळे निखळावयाचे. म्हणून ओळ भरत आली की जुळारी जाड तुकडे काढून पातळ घाली किंवा पातळ काढून जाड घाली, आणि दोन्ही कडा सारख्या करी.

आज हे सर्व काम संगणकावरील पृष्ठमांडणीच्या प्रणाली करतात. तुकडे गेले, परंतु त्यांची नावे व मापे टिकून आहेत. अक्षराच्या उंचीएवढ्या रुंदीची जागा ती ‘एम’, तिच्या निम्मी ती ‘एन’, आणि शब्दांमधील नेहमीची जागा साधारणपणे एमच्या चतुर्थांशाएवढी, हा हिशोब शिशाच्या काळातलाच आहे.

एका ओळीचे गणित

आता एक उदाहरण करून पाहू. ओळीची लांबी ६० मिलिमीटर आहे. शब्दांमधील नेहमीचे अंतर १ मिलिमीटर आहे. ओळीत चार शब्द बसले असून त्यांची एकूण रुंदी ५१ मिलिमीटर आहे. चार शब्दांमध्ये फटी तीन. पुढील शब्द ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा असून त्याची रुंदी १४ मिलिमीटर आहे. ५१ आणि १४ मिळून ६५ होतात. म्हणजे तो मावत नाही.

तो शब्द पुढील ओळीवर नेला तर उरलेले ९ मिलिमीटर तीन फटींत वाटावे लागतात. प्रत्येक फट ३ मिलिमीटरांची, म्हणजे नेहमीच्या तिप्पट होईल. अशा दोन-तीन ओळी एकाखाली एक आल्या की पानावर पांढरे पाट वाहू लागतात आणि दृष्टी ओळीवरून सरकण्याऐवजी त्या पाटांतून खाली घसरते. उलट, तोच शब्द ‘विद्या-’ असा तोडला आणि संयोगचिन्हासह त्या तुकड्याची रुंदी ५ मिलिमीटर भरली, तर शब्दांची रुंदी ५६ होते, फटी चार होतात, आणि उरलेल्या ४ मिलिमीटरांतून प्रत्येक फटीला बरोबर १ मिलिमीटर येतो.

पृष्ठमांडणीची प्रणाली हेच गणित करते, मात्र तिला मर्यादा आखून द्याव्या लागतात. ॲडोबी कंपनीच्या ‘इनडिझाइन’ ह्या प्रणालीत शब्दांतर नेहमीच्या ८० टक्क्यांपर्यंत आकसू द्यावे आणि १३३ टक्क्यांपर्यंत फुगू द्यावे, असे आकडे मुळातच घातलेले असतात. वरील उदाहरणातील फट ३०० टक्क्यांची आहे. मर्यादेत राहून ओळ भरणे अशक्य झाले की यंत्र मर्यादा सोडते, पण ओळ भरतेच. आणि हा दोष पुढे मुद्रितशोधकाने पकडावा लागतो.

मराठी शब्दांची लांबी

वरचे उदाहरण मुद्दाम मराठी घेतले आहे. दिल्लीत एकाच शासकीय पत्रकाच्या हिंदी व मराठी आवृत्त्या शेजारी ठेवून पाहण्याचा योग पुष्कळदा येतो. दोन्हींची लिपी एक, टाइप एक, स्तंभाची रुंदी एक. तरी मराठी पान अधिक विरळ, अधिक फाटके दिसते. ह्याचे कारण व्याकरणात आहे. हिंदीत ‘विद्यार्थियों के लिए भी’ असे चार सुटे शब्द लिहितात आणि त्यांमध्ये तीन फटी पडतात. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीही’ हा एकच शब्द होतो आणि फट एकही पडत नाही. आपली विभक्ती, आपली शब्दयोगी अव्यये, आपले ‘च’ आणि ‘ही’, सारे मूळ शब्दाला चिकटून चालतात. ओळ ताणण्याची किंवा आवळण्याची सोय असते ती फटींत. आणि मराठी ओळीत फटीच कमी.

ह्यावर एक चुकीचा उपाय हल्ली सर्रास दिसतो. ओळ भरत नाही असे पाहून मांडणी करणारा मनुष्य ‘विद्यार्थ्यां साठी’, ‘त्यांच्या मुळे’, ‘शाळे पासून’ असे शब्द फोडून टाकतो. ओळ सुबक होते, पण भाषा मोडते. आणि जे पुस्तक शाळेत जावयाचे त्यात अशी फोड झाली तर मुले तेच शुद्धलेखन म्हणून उचलतात. खरा उपाय स्तंभ रुंद करण्याचा किंवा ओळी उजवीकडे असमान सोडण्याचा. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह मराठीने तरी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्तमानपत्रांना ते रुचणार नाही. त्यांचे स्तंभ त्यांना लखलाभ.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे अक्षरांमध्ये जागा घालणे. रोमन लिपीतील अक्षरे मुळातच सुटी असल्याने थोडे अंतर वाढले तरी चालून जाते. देवनागरी अक्षरे शिरोरेघेने एकमेकांना धरून असतात. त्यांमध्ये जागा वाढविली की शिरोरेघ तुटते, आणि शब्द दातांच्या फटींप्रमाणे दिसू लागतो. म्हणून प्रणालीतील अक्षरांतराचे तिन्ही आकडे देवनागरीसाठी शून्यच ठेवावेत.

शब्द कोठे तोडावा

आता पाटीवरील शब्दाकडे परत येऊ. ‘कोपर्निकस’ ह्यात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात : को, प, र्नि, क, स. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो नऊ संकेतांनी साठविलेला असतो : क, ओकाराची खूण, प, र, हलन्ताची खूण, न, इकाराची खूण, क, स. शिवाय साठविण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नाही. ‘र्नि’ ह्या अक्षरात र प्रथम उच्चारला जातो, पण रफार होऊन न च्या डोक्यावर बसतो. वेलांटी न नंतर उच्चारली जाते, पण न च्या आधी दिसते. ज्या यंत्राला हे ठाऊक नाही ते संकेत मोजून शब्द कापील. न आणि वेलांटी ह्यांमध्ये कापले, तर पुढील ओळीच्या आरंभी बिचारी वेलांटी ठिपक्यांच्या एका वर्तुळाला धरून उभी राहील.

देवनागरीला ‘युनिकोड’ ह्या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ साली, पहिल्या आवृत्तीतच, स्थान मिळाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे टाइप आपापल्या खाजगी संकेतांनी चालत. त्यांत वेलांटी हे एक सुटे चिन्ह असून ते अक्षराच्या आधी साठविलेले असे. इंग्रजीसाठी बनविलेली प्रणाली त्यास रोमन अक्षर समजे आणि मनास येईल तेथे तोडी. युनिकोडच्या नियमांप्रमाणे मात्रा, वेलांट्या, अनुस्वार ही चिन्हे आपल्या अक्षरापासून विलग करता येत नाहीत. एवढे संरक्षण मिळाले. परंतु त्याच नियमांप्रमाणे देवनागरी ओळ सामान्यतः मोकळ्या जागेपाशीच तुटते. शब्दाच्या आत तोडण्यासाठी यंत्राला त्या भाषेचे वेगळे नियम द्यावे लागतात. म्हणून परिच्छेदाची भाषा मराठी आहे हे प्रणालीला सांगणे, ही पहिली पायरी होय. ‘इनडिझाइन’मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय २०१२ साली झाली. तरीही परिच्छेदाची भाषा इंग्रजीच राहून गेलेली पुस्तके अजून आढळतात.

यंत्राला नियम दिले तरी विवेक मनुष्याचाच. उच्चाराने पाहिले तर ‘को-पर्-नि-कस’ अशी फोड होते. लेखनाने पाहिले तर र्नि हे अक्षर अभंग आहे. ‘कोप-र्निकस’ असे तोडले तर अक्षर शाबूत राहते, पण वाचणारा ‘कोप’ वाचून थबकतो आणि पुढील ओळीच्या प्रारंभी रफार पाहून गोंधळतो. ‘को-पर्निकस’ मध्ये ओळीच्या टोकाशी एकटे अक्षर लोंबते. ‘कोपर्नि-कस’ हीच त्यातल्या त्यात बरी फोड. मराठी शब्दांत तर जोड जेथे आहे तेथे तोडणे सर्वांत चांगले : ‘विद्यार्थ्यां-साठी’, ‘महा-राष्ट्र’, ‘सूर्य-ग्रहण’. हाच तो दुसरा समास. व्याकरणातील समासाची सांधेजोड ठाऊक असेल तर पानाचा समास सांभाळता येतो. ‘महारा-ष्ट्र’ हे नियमाने चालेल, पण कोणताही जुना जुळारी तसे तोडीत नसे.

न दिसणारी चिन्हे

आपल्या इच्छेप्रमाणे ओळ तुटावी किंवा तुटू नये ह्यासाठी काही अदृश्य चिन्हे आहेत. त्यांपैकी ‘अभंग जागा’ हे चिन्ह सर्वांत उपयोगी. ते दिसते नेहमीच्या मोकळ्या जागेसारखे, पण तेथे ओळ तुटत नाही. ‘डॉ.’ आणि नाव, ‘इ. स.’ आणि वर्ष, ‘५’ आणि ‘कि.ग्रॅ.’ ह्यांमध्ये ते घालावे. औषधाच्या मात्रेतील आकडा एका ओळीवर आणि परिमाण दुसऱ्या ओळीवर गेले तर वाचणारा चुकू शकतो. ‘ऐच्छिक संयोगचिन्ह’ शब्दाच्या पोटात दडून असते आणि शब्द तेथे तुटला तरच प्रकट होते. ‘कोपर्नि’ आणि ‘कस’ ह्यांमध्ये ते एकदा घातले की पुढे ओळी कशाही सरकोत, शब्द भलत्या जागी तुटत नाही.

ह्याउलट, ओळ बळेच तोडण्याची कळ जपून वापरावी. नवशिका मनुष्य प्रत्येक कुरूप ओळ तिनेच सुधारतो. पुढे मजकुरात एक शब्द वाढतो, ओळी सरकतात, आणि पूर्वीचे ते तोडलेले टोक आता ओळीच्या मध्यावर येऊन उभे राहते.

शून्य रुंदीचीही काही चिन्हे आहेत. त्यांतील एकाशी मराठीचा विशेष संबंध आहे. ‘आचार्याला दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्याला दक्षिणा दिली’ ह्या वाक्यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा भेद आहे, आणि तो सारा र च्या रूपावर अवलंबून आहे. हा अर्धचंद्राकृती र साठविण्याची एक रीत अशी की, र आणि हलन्ताच्या खुणेनंतर शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह लिहावयाचे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ म्हणून कोणी ती पुसून टाकली, तर गावातील सर्व आचारी एका क्षणात आचार्य होतात. अशी पदोन्नती मी स्वतः मुद्रितांत पाहिली आहे.

एक ओळ नव्हे, सबंध परिच्छेद

जुळारी एका वेळी एकच ओळ पाहत असे. ती भरली की पुढची. आरंभीच्या संगणकप्रणालीही असेच करीत. परंतु ह्या ओळीत केलेली तडजोड पुढील ओळीला भोवते. डॉनल्ड नूथ ह्या अमेरिकी गणितज्ञाने, आपल्याच ग्रंथाची मुद्रिते पाहून असंतुष्ट झाल्यामुळे, १९७७ साली ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली. मायकेल प्लास ह्या सहकाऱ्यासह त्याने १९८१ साली सबंध परिच्छेदाचा एकत्र विचार करण्याची रीत प्रसिद्ध केली.

तिचे मर्म थोडक्यात असे. फट जितकी ताणण्याची मुभा आहे तितकी पूर्ण ताणली गेली, तर त्या ओळीचा दोष १०० धरावयाचा. मात्र दोष ताणाच्या घनाने वाढतो. म्हणजे निम्मा ताण असेल तर दोष ५० नव्हे, साडेबारा. दुप्पट असेल तर ८००. आता एका ओळीवर पूर्ण ताण व दुसरीवर मुळीच नाही, अशी मांडणी केली तर एकूण दोष १०० येतो. तोच ताण दोन ओळींत निम्मा-निम्मा वाटला तर केवळ २५. यंत्र परिच्छेद तोडण्याच्या शक्य त्या वाटा तोलून कमीत कमी दोषाची वाट निवडते. ‘इनडिझाइन’मधील परिच्छेद-रचनाकार ह्याच तत्त्वावर चालतो, देवनागरीसाठी त्याचे ‘वर्ल्ड-रेडी’ हे रूप निवडावे लागते. शेवटच्या ओळीत एक शब्द बदलला तर पहिल्या ओळी हलतात, हे पाहून काहींना तो यंत्राचा दोष वाटतो. तो यंत्राचा गुण आहे.

शाळेत हे यंत्राशिवायही करून पाहता येईल. एखादा परिच्छेद मोठ्या अक्षरांत लिहून त्यातील शब्द कात्रीने सुटे करावेत आणि जाड कागदावर आखलेल्या ठराविक रुंदीच्या चौकटीत विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी ते मांडावेत. एका गटाने ओळ भरली की पुढे जावे व मागे पाहू नये. दुसऱ्याने सर्व ओळी एकदम जुळवाव्यात. हाच परिच्छेद हिंदीत घेऊन प्रयोग पुन्हा केला, तर फटींची संख्या दोन्ही भाषांत मोजून ताडता येते.

त्या घडीपत्रकाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. उरलेल्या प्रतींवर एक चिठ्ठी डकविली गेली आणि दुसरी छपाई झाली. तीत ती चौकट खालून एका ओळीने वाढविली, ‘पाठवू’ आणि ‘नये’ ह्यांमध्ये अभंग जागा घातली, आणि वाक्य उलटे करून लिहिले : ‘फवारणी झाल्यावर सात दिवस उलटल्यानंतरच भाजी बाजारात पाठवावी, त्याआधी पाठवू नये.’ ह्या वेळी मांडलेले पान माझ्याकडे आले. दोन्ही शब्द शेवटच्या ओळीवर, शेजारी शेजारी होते. चौकटीच्या कोपऱ्यात लाल चिन्ह नव्हते.